आमच्या आवारात आताच पाणी का शिरू लागलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परळमधली चार मजली इमारत, साठच्या दशकात बांधलेली. २००५ सालचा अपवाद सोडला तर आवारात कधी घोट्याच्या वर पाणी आलं नव्हतं. गेल्या आठ-दहा पावसाळ्यांत मात्र दरवर्षी दोन-तीनदा पाणी तळमजल्यावरच्या घरांत शिरतं, मीटरची खोली बुडते, एकदा तर पिण्याच्या टाकीतही गेलं. मोठमोठे पंप बसले, जमिनीखाली टाक्या झाल्या, नालेसफाई दरवर्षी होते, तरी आमच्याकडे पाणी वाढलं कसं? आणि सोसायटीने साडेतीन फुटांची कुंपणभिंत बांधून गेटला उंबरा घालावा का?

भिंतीचं कंत्राट अजून दिलं नसेल तर आधी थांबा. मी स्थापत्य अभियंता आहे. एकतीस वर्षं पर्जन्यजलवाहिन्यांच्या कामात काढली, आधी कंत्राटदाराकडे साइटवर आणि नंतर आराखडे करणाऱ्या सल्लागार कंपनीत. तुमच्यासारख्या दोन इमारतींनी भिंती बांधलेल्या मी पाहिल्या आहेत. एकीचा उपयोग झाला. दुसरीत भिंतीमुळेच पाणी दोन दिवस आत अडकून राहिलं. फरक कशाने पडला ते पुढे सांगते, पण त्यासाठी तुमच्या गल्लीतलं पाणी समुद्रापर्यंत कसं जातं हे आधी समजून घ्यायला हवं.

वाहिनीतून पाणी आपोआप वाहायला उतार लागतो. हजार मीटरला एक मीटर हा काही फार मोठा उतार नाही. त्याहून कमी ठेवला तर गाळ तळाशी बसायला लागतो. तुमच्या गल्लीपासून पातमुख, म्हणजे वाहिनी जिथे समुद्राला किंवा खाडीला मिळते ते तोंड, अडीच किलोमीटरवर आहे असं धरू. नुसत्या उतारासाठी अडीच मीटर खर्ची पडले. त्यात वाहिनीची स्वतःची खोली आणि तिच्यावरच्या रस्त्याची जाडी मिळवा. जमीन मुळातच सखल, कारण परळ-दादर-लालबागचा बराच भाग हा जुन्या बेटांच्या मधल्या खाजणांवर भराव टाकून तयार झालेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबीच्या बांधाने वरळीकडची मोठी खिंड बुजवली, मग हळूहळू आतली दलदल सुकवत आणली. समुद्र बाहेर ठेवला, पण जमीन होती त्याच पातळीला राहिली. त्यामुळे वाहिनीचं तोंड भरतीच्या पातळीखाली येणं अटळ होतं.

मुंबईत अशी १८६ पातमुखं मोजलेली आहेत. त्यातली फक्त ६ मोठ्या भरतीच्याही वर आहेत. १३५ समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर पण भरतीच्या खाली, आणि ४५ तर सरासरी पातळीच्याही खाली. या शेवटच्या ४५ तोंडांवर दिवसातले निम्म्याहून अधिक तास समुद्र उभा असतो, पाऊस असो वा नसो. मी नव्या इंजिनिअरांना पहिल्या दिवशी हे तीन आकडे पाठ करायला लावते. मुंबईच्या पाण्याबद्दलचं निम्मं भांडण हे आकडे माहीत नसल्यामुळे होतं.

इथेच एक गैरसमज दूर करते, कारण दर जूनमध्ये तो नव्याने छापून येतो. ‘समुद्रात आज ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ ही बातमी चुकीची असते. तो आकडा लाटेचा नसून भरतीच्या पातळीचा असतो, आणि तोही नौकानयनाच्या नकाशासाठी ठरवलेल्या खालच्या पातळीपासून मोजलेला. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी त्या शून्यापासून सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती ही सरासरी समुद्रापेक्षा साधारण २.३ मीटर उंच. किनाऱ्यावर उभं राहून बघणाऱ्याला त्यात विशेष काही दिसणार नाही, समुद्र शांतही असेल. पण शहराच्या आत, तुमच्या गल्लीच्या वाहिनीत, त्या २.३ मीटरचा परिणाम लगेच दिसतो. चौपाटीवर लाटांचे फोटो काढायला गर्दी होते, आणि खरा प्रकार त्याच वेळी दादर-परळकडच्या सखल हिंदमाता चौकात चालू असतो.

मी साइटवर नवी होते तेव्हा आमच्याकडे वरळी कोळीवाड्यातला एक म्हातारा मुकादम होता. भरतीचं छापील कोष्टक त्याने कधी उघडून पाहिलं नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, हा त्याचा हिशेब. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कोकणात घरोघरी ठाऊक असलेला हा ठोकताळा मुंबईच्या किनाऱ्यावर आजही तासभर इकडेतिकडे सोडता बरोबर येतो. त्यातून एक गोष्ट आपोआप कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आणि लगतच्या एक-दोन दिवसांच्या उधाणाची भरती मुंबईत नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बारा-एकच्या सुमारासच येते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळी सहाला आणि बेताची. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला हे एकदा समजावून सांगा. आषाढी अमावास्येला सकाळी दहाला धो धो पाऊस सुरू झाला, तर पुढचे चार तास तुमच्या वाहिनीला बाहेर जायला वाट नाही हे त्याला फोन न बघता कळेल.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. दुपारी पाऊस कोसळत असतानाच भरती होती. तेवढ्या पावसाला जगातल्या कुठल्याच शहराची वाहिनी पुरली नसती, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण त्या दिवसाने दाखवून दिलेल्या गोष्टी साध्या होत्या. या पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या माधवराव चितळे समितीने त्यांची नोंद घेतली: पातमुखांवर दारं नव्हती (संपूर्ण शहरात केवळ तीन ठिकाणी होती), मिठी नदीचा गळा वांद्र्याच्या भरावाने आणि विमानतळाच्या बांधकामाने आवळला होता, आणि मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या सुधारण्याचा १९९३ सालचा ब्रिमस्टोवॅड हा आराखडा मुख्यतः कागदावरच होता.

ब्रिमस्टोवॅडमध्ये नेमकं काय म्हटलं होतं हे लोकांना माहीत नसतं. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होत्या, आणि त्यातलाही निम्मा जमिनीत मुरेल असं धरलं होतं. त्या काळी ते खरं होतं, अंगणं मातीची होती, गिरण्यांच्या आवारात तळी होती. नव्या आराखड्याने पाऊस धरला तासाला ५० मिलिमीटर, आणि मुरण्याचा भाग शून्य. म्हणजे वाहिनीने वाहून न्यायचं पाणी दुप्पट नाही, चौपट झालं. जुन्या शहरात, दुतर्फा इमारती असलेल्या गल्लीत, चौपट मोठी वाहिनी पुरायला जागा कुठून आणणार? तिथे आधीच पाण्याचे मुख्य पाइप, विजेच्या केबल, मलवाहिन्या, गॅस, टेलिफोन असे सगळे दाटीवाटीने बसले आहेत. म्हणून उपाय पंपांवर गेला.

पंपांबद्दल तुमच्या मनात राग आहे, तो थोडा हिशेबाने बघू. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा उदंचन केंद्रं, म्हणजे पंपिंग स्टेशनं, आज आहेत. तुमच्या भागाचं पाणी पूर्वेला, रे रोडकडच्या ब्रिटानियाला जातं. या केंद्रांतला एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी उचलतो. आकडा प्रचंड वाटतो. आता एक हेक्टर जमीन घ्या, तासाला ५० मिलिमीटर पाऊस, सगळा वाहून आला. सेकंदाला १३९ लिटर झाले. म्हणजे एक पंप ४३ हेक्टरांना पुरतो, शिवाजी पार्कसारखी जेमतेम चार मैदानं. पाऊस तासाला १०० मिलिमीटर झाला, आणि हल्ली जुलैत असा तासाभराचा पाऊस दुर्मीळ राहिलेला नाही, तर दोनच मैदानं. पंप वाईट नाहीत. ते नसते तर भरती संपेपर्यंत पाणी तसंच राहिलं असतं, आता ते तास-दोन तासांत उतरतं. पूर्वी हिंदमाताला पाच-सहा तास गाड्या अडकलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हा फरक मला छोटा वाटत नाही. पण पंप किनाऱ्यावर बसलेला आहे. तुमच्या गल्लीपासून त्याच्यापर्यंत पाणी पोचलं तरच तो ते उचलणार.

सेंट झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली बांधलेल्या टाक्यांचंही तसंच. शंभर हेक्टरांवर तासभर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच कोटी लिटर पाणी. टाक्या काही कोटी लिटरच्या आहेत. त्या पाणी नाहीसं करत नाहीत, भरती उतरेपर्यंत थोपवून धरतात. योजना म्हणून ती मला पटते, कारण सखल शहराला वेळ विकत घेण्याशिवाय गत्यंतर नाही. मात्र टाकी भरल्यानंतर ती पुढच्या भरतीआधी रिकामी करावी लागते. दिवसभर संततधार असेल आणि दुपारच्या उधाणाला टाकी भरली असेल, तर मध्यरात्रीच्या उधाणाला ती अर्धीच हाताशी असते.

मधली वाहिनी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बेटावरच्या शहरातल्या जुन्या वाहिन्या म्हणजे ढापे. दोन बाजूंना दगडी किंवा विटांच्या भिंती, वर लादी किंवा कमान, त्यावर रस्ता. त्यातले कित्येक शंभर वर्षांहून जुने आहेत. मी अशा ढाप्यांत उतरले आहे, आणि तिथे काय दिसतं ते सांगते. एका ठिकाणी पाण्याचा जाड पाइप ढाप्याच्या बरोबर मधून आडवा गेला होता. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी टाकला असेल, वळसा घालायचा खर्च वाचवला. त्या पाइपला प्लास्टिकच्या पिशव्या, गोधड्या, नारळाच्या करवंट्या अडकून एक पक्का बांध तयार झाला होता. त्याच्या वरच्या बाजूला कमरेएवढा गाळ आणि खालच्या बाजूला वाहिनी जवळपास कोरडी. नालेसफाई दोन्ही बाजूंच्या मॅनहोलमधून झाली होती, काढलेल्या गाळाचं वजनकाट्यावर वजनही झालं होतं, सगळं खरं होतं. फक्त तो पाइप कुणाच्याच यादीत नव्हता.

गाळाचं गणितही फसवं आहे. वाहिनी एक तृतीयांश भरली तर वाहण्याची क्षमता एक तृतीयांशाने कमी होईल असं वाटतं. तसं होत नाही, ती जवळपास निम्म्यावर येते, कारण खोली कमी झाली की वेगही कमी होतो. आणि वेग कमी झाला की गाळ आणखी बसतो. पातमुखाला दार नसेल तर भरतीचं खारं पाणी आत येऊन उभं राहतं, त्यात गाळ निवांत खाली बसतो, आणि खारं पाणी वरच्या काँक्रीटच्या लाद्यांतल्या सळया खातं. सळईचा गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं, खपल्या पडतात. पावसाळ्यानंतर ‘रस्ता खचला’ म्हणून ज्या बातम्या येतात त्यांत खाली मोडलेला ढापा मी अनेकदा पाहिला आहे. मिठाच्या हवेत काँक्रीट किती लवकर दगा देतं हे आपल्या शेजारच्या गोव्याने भोगलं आहे. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल बांधल्यापासून दोन दशकांच्या आत, जुलै १९८६ मध्ये, कोसळला, आणि आतल्या ताणतारांचा गंज त्याला कारणीभूत होता. आपल्या मानकांत समुद्राच्या पाण्याच्या थेट संपर्कातल्या काँक्रीटला सळईवर ७५ मिलिमीटरपर्यंत आवरण सांगितलं आहे. साइटवर हे आवरण सुटतं ते बहुधा एका साध्या कारणाने: सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक वेळेवर आलेले नसतात आणि काँक्रीटची गाडी दारात उभी असते. मी त्या क्षणी गाडी परत पाठवली आहे आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली आहेत. आजही तेच करेन.

गोव्याचं नाव निघालंच आहे तर तिथली खाजणं आठवतात. खाडीकाठची शेतं बांध घालून राखलेली, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दार. भरती चढली की पाण्याच्या दाबाने ते दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना माणूस. आम्ही पातमुखाला बसवतो ते फ्लॅप गेट म्हणजे हेच. पण खाजणातल्या मानशीची निगा गावकी मिळून राखत असे, दरवर्षी. आमच्याकडे दार बसवल्यावर त्याच्या फटीत एक बांबू अडकला की ते पूर्ण मिटत नाही, आणि पूर्ण न मिटणारं दार उधाणाच्या वेळी कामाचं नाही. बसवण्याचा खर्च अंदाजपत्रकात असतो. दर पंधरवड्याला ओहोटीला जाऊन तो बांबू काढणाऱ्या माणसाचा पगार मात्र कुठल्या शीर्षाखाली टाकायचा यावर बैठकी होतात. ही तक्रार मी गेली कित्येक वर्षं करते आहे, आणि करत राहणार आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. हे सगळं आधीही होतं, मग आताच का?

तुम्ही लिहिलं आहे की समोर दोन टॉवर झाले आणि रस्ता ‘बराच वर आला’. उत्तर तिथेच आहे. तुमची इमारत बांधली तेव्हा रस्ता आवारापेक्षा खाली होता. गेटमधून बाहेर पडताना उतार असे, आणि जिन्याला जोत्यापर्यंत दोन-तीन पायऱ्या. तेव्हाही पाऊस आणि भरती एकत्र आल्या की पाणी साचायचंच, पण ते साचायचं रस्त्यावर. दोनशे मीटर लांब, दहा मीटर रुंद गल्लीत वीतभर पाणी म्हणजे चार लाख लिटर. रस्ता हीच तुमची साठवणटाकी होती. लोक पँट वर करून चालायचे, दोन तासांनी पाणी उतरायचं, घरं कोरडी राहायची.

मग डांबराचे थर चढत गेले. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा हा नियम आहे, पण खरवडणं वेळखाऊ आणि खर्चिक, म्हणून वरच्यावर थर पडत राहिले. पुढे काँक्रीट आलं. दुसरीकडे, नव्या इमारतीला परवानगी देताना एक जुनी अट असते: सखल भूखंड किमान ९२ फूट टीएचडी किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा सहा इंच उंच, यांतलं जे जास्त असेल तिथपर्यंत मुरूम-मातीने भरायचा. टीएचडी म्हणजे टाऊन हॉल डेटम, एशियाटिक सोसायटी जिथे आहे त्या टाऊन हॉलवरून मोजलेली जुनी पातळी. तिचा शून्य जमिनीच्या बराच खाली धरलेला आहे, म्हणून आकडा एवढा मोठा दिसतो. मुंबईतल्या वाहिन्यांचे जुने नकाशे आजही त्याच पातळीत वाचावे लागतात. अट योग्यच आहे, नव्या माणसाच्या घरात पाणी जाऊ नये. पण तिचा परिणाम पाहा. रस्ता वर आला की पुढचा भूखंड त्याच्यावर सहा इंच, मग रस्त्यावर पाणी साचतं म्हणून रस्ता आणखी वर, मग त्यापुढचा भूखंड त्याच्याही वर. प्रत्येकाने आपापल्या जागी नियम पाळला. जे आधीपासून तिथे होते, ज्यांना इमारत उचलता येत नाही, ते गल्लीतल्या सगळ्यात खोल खड्ड्यात गेले. पूर्वी रस्त्यावर मावणारं ते चार लाख लिटर पाणी आता तुमच्या आणि शेजारच्या दोन चाळींच्या आवारात मावतं. पाऊस वाढला आहे हेही खरं, पण तुमच्या बाबतीत त्याचा वाटा दुय्यम.

माझ्या मते हा उघड अन्याय आहे आणि तो मोजता येतो. म्हणून सगळ्यात आधी मोजा. सर्व्हेअर बोलावलात तर अर्ध्या दिवसाचं काम. नाहीतर गवंड्याकडे असते ती पारदर्शक लेव्हल-नळी आणि मीटरपट्टी पुरे. रस्त्याचा मधला उंचवटा, कडेची वॉटर एंट्रन्स (रस्त्यावरचं पाणी वाहिनीत उतरायचं तोंड), तुमचं गेट, आवारातल्या शेवटच्या चेंबरचं झाकण आणि त्याचा तळ, जोतं, मीटरच्या खोलीतली सगळ्यात खालची पट्टी, पिण्याच्या टाकीचं झाकण, आणि भिंतीवर गेल्या पावसाळ्याच्या पाण्याची रेघ. ही आठ-नऊ मापं एका कागदावर एकाखाली एक मांडा. मी आजवर शंभराहून अधिक सोसायट्यांना हे सांगितलं असेल, केलं असेल दहांनी. त्या दहांचा पुढचा पैसा मात्र वाया गेला नाही.

दुसरं, पाणी कुठून येतं ते प्रत्यक्ष उभं राहून पाहा. गेटवरून आत वाहतं, की आवारातल्या चेंबरमधून उकळल्यासारखं वर येतं? सुरुवातीला सांगितलेल्या दोन भिंतींतला फरक हाच होता. पहिल्या इमारतीत पाणी गेटवरून यायचं, भिंत आणि उंबरा कामी आला. दुसरीत ते चेंबरमधून उलटं यायचं. भिंतीने ते आतच कोंडलं, रस्ता रिकामा झाला तरी आवार भरलेलं. तुमच्या वर्णनावरून, तळमजल्याच्या न्हाणीघरातून आधी पाणी आलं असं तुम्ही म्हणता त्यावरून, तुमच्याकडे निदान सुरुवात खालून होते असा माझा अंदाज आहे.

तसं असेल तर शेवटच्या चेंबरमध्ये, पावसाच्या आणि मैल्याच्या वाहिनीला वेगवेगळी, एकतर्फी झडप बसवावी लागेल. बाहेरचं पाणी चढलं की ती मिटते. पण मिटली की तुमच्या स्वतःच्या गच्चीचं आणि आवाराचं पाणीही आत अडतं, हे सांगायला प्लंबर विसरतात. हजार चौरस मीटरच्या आवारात तासाला ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे सेकंदाला १४ लिटर. तेवढं उपसणारा पंप हवा, सोबत तसाच एक राखीव, आणि दोन्ही एका खड्ड्यात बसवलेले. पंप घेताना हॉर्सपॉवर विचारू नका. तुम्हाला पाणी जेवढं वर फेकायचं आहे त्या उंचीला तो सेकंदाला किती लिटर देतो, हे लेखी मागा. उपसलेलं पाणी शेजारच्या चाळीच्या तोंडावर सोडू नका, रस्त्याच्या वाहिनीच्या दिशेने सोडा. खड्ड्याला जाळी हवी आणि ती पावसाळ्यात आठवड्याला साफ व्हायला हवी. झडपेचं दार महिन्यातून एकदा हाताने उघडून-मिटून बघायचं, खाली खडा किंवा चिंधी अडकलेली नाही ना याची खात्री करायची. हे काम कुणाचं ते सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात नाव घालून लिहा.

मीटरची खोली मात्र झडपेच्याही आधी. पाण्याच्या रेघेवर किमान दोन फूट उचला. ती बुडाली की वीज बंद करावी लागते, आणि वीज गेली की तुमचे दोन्ही पंप निरुपयोगी. हा क्रम उलटा केलेली इमारत मी पाहिली आहे. नवे कोरे पंप पाण्याखाली आणि त्यांची वीज तोडायला आलेला माणूस गळ्याएवढ्या पाण्यात.

पिण्याच्या टाकीच्या तोंडाभोवती रेघेच्या वर जाईल एवढी काँक्रीटची कड उभारा, झाकणाला रबराची पट्टी, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंडही वर घ्या. ते खाली राहिलं तर कडेचा काही उपयोग नाही. एकदा तरी पुराचं पाणी आत गेलं असेल तर टाकी रिकामी करून घासून, क्लोरीन टाकून मगच भरायची. पाण्यातून चाललेल्यांपैकी कुणाच्या पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा, ताप यायची वाट बघू नका.

आणि रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण कुणीही उघडू नये. पाणी लवकर जावं या भल्या हेतूनेच लोक ते उघडतात. ऑगस्ट २०१७ मधल्या पुरात शहरातले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली, पण सगळीकडे त्या असतीलच असं समजू नका. शिवाय तुंबलेल्या वेळी उघडलेल्या झाकणातून पाणी जातही नाही. खालची वाहिनी भरलेली असते.

शोषखड्ड्यांबद्दल तुम्ही विचारलं आहे. परळमध्ये जुलैत जमिनीखालचं पाणी इतकं वर असतं की खड्डा आधीच भरलेला असतो. त्यातून पूर कमी होण्याची आशा धरू नका. गच्चीचं पाणी टाकीत साठवून संडास-धुण्याला वापरणं वेगळं, ते जरूर करा.

राहिला विभाग कार्यालयाचा भाग. ‘नाला साफ करा’ असा अर्ज देऊ नका, त्याचं उत्तर ‘साफ केला’ असं येतं आणि ते बहुधा खरंही असतं. माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागा: तुमच्या गल्लीपासून पातमुखापर्यंतच्या वाहिनीचा लांबीतला छेद, म्हणजे कुठे तळ किती पातळीला आहे आणि रुंदी कुठे किती, आणि गल्लीच्या रस्त्याच्या गेल्या तीन कामांत जुना थर किती खरवडला त्याची नोंदवही. छेदात तळ कुठे उलटा चढलेला दिसला, किंवा रुंदी मध्येच कमी झालेली दिसली, तर बोट त्या जागेवर ठेवून अर्ज करता येतो, आणि अशा अर्जाला इंजिनिअरही गांभीर्याने घेतो, कारण त्यालाही ती जागा हवीच असते. रस्त्याच्या पुढच्या कामाची निविदा निघण्याआधी तुमच्या मापांचा कागद त्याला जोडा आणि ‘तयार रस्त्याची पातळी सध्याच्या पातळीपेक्षा वर जाऊ नये’ ही एकच मागणी लेखी करा. शेजारच्या दोन्ही चाळींच्या सह्या घ्या, कारण पाणी त्यांच्याकडेही त्याच पातळीने उभं राहतं.

ही मापं आणि चौकशी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. भिंतींवरची रेघ तोवर पुसलेली नसते. झडप आणि पंपाचं काम मार्चच्या आत संपवा, आणि मे महिन्यातल्या अमावास्येला दुपारी साडेबाराला शेवटच्या चेंबरचं झाकण उघडून आत पाहा. पाऊस नसताना, कोरड्या उन्हात, तिथे पाणी वर चढताना दिसलं तर ते समुद्राचं आहे. चेंबरच्या भिंतीवर ते जिथवर चढलं तिथे खडूने खूण करा. झडपेची उंची त्या खुणेवरून ठरवायची आहे.